मोबाइलच्या लहरी आणि चयापचय

प्रश्न : समोरच्या इमारतीच्या गच्चीवर दोन वर्षांपूर्वी मोबाइलचा टॉवर बसवला. तेव्हापासून माझे वजन सात किलोंनी वाढले असून सतत थकवा असतो. या लहरींमुळे चयापचय मंदावतो का? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : आपली काळजी रास्त आहे, मात्र वजनवाढीचे कारण टॉवरमध्ये शोधण्यात वेळ जाऊ नये, असे मला मनापासून वाटते. या लहरी शरीरात शिरल्या की पाण्याचे रेणू हलतात आणि त्यातून उष्णता निर्माण होते. साठ किलो वजनाचे शरीर स्वस्थ पडून असतानाही सुमारे ७० वॉट उष्णता तयार करते. प्राण्यांवरील प्रयोगांत दर किलोमागे सुमारे ४ वॉट शोषले गेल्यावर शरीराचे तापमान साधारण एका अंशाने वाढते, असे आढळले. म्हणून सर्वसामान्यांसाठी आंतरराष्ट्रीय मर्यादा त्याच्या पन्नासाव्या भागावर, म्हणजे ०.०८ वॉटवर, ठेवली गेली. साठ किलोंच्या व्यक्तीसाठी हे पाच वॉटही होत नाहीत, आणि २०१२ साली भारताने टॉवरसाठीची मर्यादा त्याच्याही एक दशांशावर आणली.

कानाला लावलेल्या फोनची गोष्ट वेगळी आहे, आणि तिथे काहीही घडत नाही असे मी म्हणणार नाही. अमेरिकेत नोरा वोल्कोव्ह यांच्या गटाने २०११ साली ४७ निरोगी व्यक्तींच्या दोन्ही कानांशी फोन बसवले, उजव्या फोनवर आवाज बंद ठेवून ५० मिनिटे कॉल चालू ठेवला आणि पेट स्कॅनने मेंदूतील ग्लुकोजचा वापर मोजला. संपूर्ण मेंदूत फरक दिसला नाही. परंतु अँटेनाजवळच्या भागात ग्लुकोजचा वापर सुमारे सात टक्क्यांनी वाढलेला होता. त्याच वर्षी फिनलंडमधील एका लहान अभ्यासात मात्र तो घटलेला आढळला. या बदलांनी आरोग्याला अपाय होतो, असे या दोन्ही अभ्यासांतून सिद्ध होत नाही. वजन वाढते, असे तर नाहीच.

वजन आणि थकवा एकत्र वाढत असतील, तर थायरॉइडची टीएसएच चाचणी, हिमोग्लोबिन आणि उपाशीपोटीची साखर या आठवड्यातच तपासून घ्या. थायरॉइडची कमतरता निघाली, तर रोजच्या एका गोळीने ती आटोक्यात येते. लांब बोलायचे असेल तेव्हा स्पीकर किंवा वायरचा इअरफोन वापरा. टॉवरविषयी शंका उरलीच, तर दूरसंचार विभागाच्या ‘तरंग संचार’ संकेतस्थळावरून शुल्क भरून मोजणी करून घेता येते.