आधी हळदी-कुंकू नीट बघ

तलावावर नेहमीपेक्षा वेगळं बदक दिसलं की लगेच 'संकर' म्हणू नकोस. आधी महिनाभर हळदी-कुंकू बदकच बघ. चोचीच्या टोकाला हळद, मुळाशी दोन कुंकवाचे ठिपके. पंख मिटलेले असतानाही पाठीमागे पांढरा पट्टा दिसतो. नर-मादी जवळपास सारखेच. हे एकदा डोळ्यांत बसलं की बाकीची बदकं त्याच्याशी ताडून बघता येतात.

ऑक्टोबर-नोव्हेंबरात पाहुणी बदकं येतात तेव्हा खरी गंमत. बरेच नर तेव्हा मादीसारख्या मळकट पिसांत असतात. भुवई बदकाचा नर तर हिवाळ्यातही बराच काळ तसाच राहतो, पण तो उडाला की पंखाचा निळसर-राखाडी भाग त्याला उघडं पाडतो. म्हणून उडेपर्यंत थांब, घाई करू नकोस. थापट्या बदक मात्र फावड्यासारख्या चोचीवरून लगेच कळतं.

गावाजवळच्या तळ्यात संकराचा संशय घ्यायचा तो पाळीव बदकांमुळे. छातीवर पांढरा डाग, जड मागचा भाग, शेपटीवर वळलेलं पीस, शिवाय चोचीचं टोक पिवळं? मग आईबापांपैकी एक हळदी-कुंकू आणि दुसरा पाळीव असू शकतो. चोच, पंख आणि शेपटी, तिन्हींचे फोटो काढ. नुसत्या रंगावरून मी आजही नाव देत नाही.