रेनोसारखं अट घालणारं कार्ड मिळालं, तर बाकीचा डेक कसा बांधावा?

"एका कार्डापायी एकोणतीस कार्डांचं वाटोळं करायचं का?"

हे वाक्य मी माझ्या दादाच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलंय की तुमच्या प्रश्नात तेच दिसल्यावर गप्प बसवेना. तुम्ही विचारलंय: हार्थस्टोन या ऑनलाइन पत्त्यांच्या खेळात रेनो हे कार्ड मिळालंय, डेकमध्ये (तीस कार्डांच्या संचात) कुठलंही कार्ड दोनदा नको ही त्याची अट फार जाचक वाटतेय, तर एखाददुसरी जोडी ठेवली तर चालेल का, आणि क्लास (वॉरलॉक, हंटर असा हीरोचा प्रकार) कुठला घ्यावा?

जोडी ठेवू नका. एकही नको. जी माणसं "एक जोडी चालते हो" म्हणतात, त्यांनी आकडेमोड केलेली नसते. मीही केली नव्हती, आणि त्याची किंमत मोजली.

गोष्ट 2016च्या सुरुवातीची. रेनो जॅक्सन नोव्हेंबर 2015मध्ये 'लीग ऑफ एक्सप्लोरर्स' या कार्डसंचातून आला होता. किंमत 6 मॅना (कार्ड खेळायला लागणारी ऊर्जा), 4/6 म्हणजे 4 हल्ला आणि 6 आयुष्य असलेला मिनियन (बोर्डवर लढणारं पात्र), आणि डेकमध्ये जोडी नसेल तर हीरोचं आयुष्य पुन्हा पूर्ण. स्टँडर्ड (फक्त नवी कार्डं) आणि वाइल्ड (सगळी कार्डं) हे खेळाचे प्रकार अजून वेगळे झाले नव्हते, सगळी कार्डं एकत्रच चालायची. मी वॉरलॉक खेळत होते. वॉरलॉक त्याच्या हीरो पॉवरने (प्रत्येक क्लासची स्वतःची खास चाल) 2 मॅना आणि 2 आयुष्य देऊन एक कार्ड ओढतो, यालाच टॅप म्हणतात, म्हणजे स्वतःचंच रक्त सांडत खेळतो, आणि रेनो ते सगळं रक्त एका फटक्यात परत देतो. दोघांची जोडी इतकी जुळायची की त्या डेकला सगळे रेनोलॉकच म्हणायचे.

मला हा खेळ दादाने शिकवला. त्यामुळे माझ्या डेकवर पहिला हक्क त्याचाच, असं त्याला वाटायचं, आणि तेव्हा मलाही वाटायचं. माझी यादी त्याने वरपासून खालपर्यंत बघितली आणि म्हणाला, "मॉर्टल कॉइल एकच? वेडी आहेस का? 1 मॅनात समोरचा छोटा मिनियन मरतो आणि वर एक कार्ड मिळतं. दोन घाल. रेनो खेळायची वेळ येईपर्यंत दोनातलं एक हातात येतंच."

त्याचा मुद्दा अगदी हवेतला नव्हता. तेव्हाचा रेनो खेळ सुरू होताना काहीच तपासायचा नाही. तो हातातून खाली ठेवताना डेकमध्ये काय उरलंय तेवढंच बघायचा. दोन कॉइलपैकी एक ओढून झाली की डेकमध्ये जोडी उरत नाही, अट पूर्ण. मला पटलं. मी डार्कबॉम्ब काढला आणि दुसरी कॉइल घातली.

त्याच संध्याकाळी समोर हंटर आला. पहिली चाल माझी होती. दोनदा टॅप करून कार्डं ओढली होती, म्हणजे सहाव्या टर्नला डेकमधली अकरा कार्डं माझ्या हाताखालून गेली होती. आयुष्य उरलं होतं 9. समोर बोर्डवर एकटं आयर्नबीक आउल, 2/1. आणि माझ्या हातात रेनो.

अट पूर्ण झालेलं कार्ड हातात पिवळं चमकतं, हे तुम्हाला माहीत असेलच. माझ्या रेनोची कड हिरवी होती. म्हणजे खेळता येईल, पण आयुष्य मिळणार नाही. दोन्ही कॉइल डेकमध्येच होत्या. मी माउस त्या कार्डावर नेत होते, बाजूला घेत होते, परत नेत होते, जणू तेवढ्यात कडेचा रंग बदलणार होता. टर्नची वात जळायला लागली. मागे उभा असलेला दादा म्हणाला, "ठेव ना खाली, 4/6 तर मिळेल!" ठेवला. हंटरने आउलने थेट माझ्या हीरोवर हल्ला केला, 2. आउल बीस्ट (प्राणी) असल्यामुळे 'किल कमांड' या कार्डाचे 5. हीरो पॉवरचे 2. बरोबर नऊ.

दादा म्हणाला, "नशीब तुझं."

तो शब्द मला अजून सलतो. कारण ते नशीब नव्हतं, आणि ते सिद्ध करायला कागद-पेन्सिल पुरते. तुम्हीही करून बघा. तीस कार्डांच्या डेकमध्ये एक जोडी आहे. रेनो हातात आलाय, म्हणजे उरली एकोणतीस. पहिली चाल तुमची असेल आणि जास्तीचं काही ओढलं नसेल, तर सहाव्या टर्नपर्यंत सुरुवातीची तीन आणि दर टर्नला एक अशी नऊ कार्डं आलेली असतात: रेनो आणि इतर आठ. त्या आठांत जोडीतलं एकही नसण्याची शक्यता 52 टक्के. म्हणजे एका जोडीने तुमचा रेनो सहाव्या टर्नला निम्म्याहून जास्त वेळा मुका होतो! माझ्यासारखं दोनदा टॅप केलंत तरी 42 टक्के. दोन वेगवेगळ्या जोड्या ठेवल्यात, तर टॅपशिवाय सहाव्या टर्नला रेनो चालण्याची शक्यता उरते जेमतेम 22 टक्के. "दोनातलं एक येतंच" म्हणणाऱ्याला हे आकडे दाखवा.

आता दुसरी बाजू, जी दादाने कधी नीट मांडली नाही, पण त्याच्या बोलण्यात दडलेली होती. रेनो डेकमध्ये एकच. सहाव्या टर्नपर्यंत तो हातात असण्याची शक्यता किती? पहिली चाल असेल तर 30 टक्के. सुरुवातीची तिन्ही कार्डं टाकून त्याला शोधलंत तरी 38च्या आसपास. म्हणजे अट तुम्ही शंभरातल्या शंभर सामन्यांत पाळता, आणि तिचं बक्षीस वेळेवर मिळतं तीस-अडतीस सामन्यांत. दादा म्हणायचा, म्हणूनच बाकीची कार्डं तगडी हवीत, म्हणून जोड्या घाल. मी म्हणते, जे बक्षीस आधीच तीस-अडतीस वेळाच मिळतं, ते स्वतःच्या हाताने आणखी निम्मं का करायचं?

बाकीची एकोणतीस कार्डं तगडी हवीत हे मात्र खरं, आणि तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. माझी पद्धत सांगते. डेक बांधताना रेनो बाजूला काढून ठेवायचा आणि एकोणतीस कार्डांचा डेक म्हणूनच बघायचं: रेनो आलाच नाही तर मी हा सामना कशी जिंकणार आहे? उत्तर सुचलं नाही तर डेक तयार झालेला नाही. आणि एकच कार्ड दोनदा घालता येत नाही म्हणून रडत बसायचं नाही. कार्डांची नावं विसरून कामं लिहून काढायची. मला पहिल्या तीन टर्नमध्ये छोटे मिनियन मारणारी चार कार्डं हवीत. बोर्ड साफ करणारी तीन हवीत. समोरच्याला अडवणारे टाँट हवेत. मग प्रत्येक कामासाठी वेगवेगळी कार्डं शोधायची. माझ्या त्या डेकमध्ये बोर्ड साफ करायला डेमनरॅथ होतं, हेलफायर होतं, शॅडोफ्लेम होतं. तिन्ही वेगळी, तिघांचं काम जवळपास एकच. दोन हेलफायरची आठवणसुद्धा येत नाही मग. उलट समोरच्याला तुमच्याकडे नेमकं काय आहे याचा अंदाज लागत नाही. तो हेलफायर धरून मिनियन मांडतो आणि शॅडोफ्लेममध्ये सापडतो.

दुसरी कॉइल त्याच रात्री काढली आणि डार्कबॉम्ब परत आणला. तोही लहान मिनियनच मारतो, शिवाय वेळ पडली तर थेट हीरोला 3. त्या शुद्ध यादीवर मी पहिल्यांदा पाचव्या रँकला पोचले, आणि दादाच्या तोपर्यंतच्या सगळ्यात चांगल्या रँकच्या पुढे गेले. तेव्हाही तो म्हणाला, "नशीब तुझं."

क्लासचं विचारलंत त्याबद्दल. अट घालणारं कार्ड डेकमध्ये एक खड्डा पाडतं. तो खड्डा ज्या क्लासला स्वतःच्या हीरो पॉवरने बुजवता येतो, तो घ्या. सगळ्यात स्वच्छ उदाहरण 2017च्या प्रिन्स केलेसेथचं. डेकमध्ये 2 मॅनाचं एकही कार्ड नसेल तर डेकमधल्या सगळ्या मिनियनना +1/+1. दुसरा टर्न रिकामा पडणार हे उघड होतं. पण रोग (Rogue) या क्लासला दुसऱ्या टर्नला हीरो पॉवरने खंजीर काढता येतो, त्यामुळे केलेसेथ आला नाही तरी तो टर्न फुकट जात नाही. शिवाय 'शॅडोस्टेप' या कार्डाने केलेसेथ हातात परत घेऊन पुन्हा खेळता येतो. म्हणूनच तो रोगमध्ये इतका मुरला. रेनोला वॉरलॉक मानवला त्याचंही कारण हेच. एकेकच कार्ड असल्याने हवं ते वेळेवर मिळत नाही हा खड्डा, आणि वॉरलॉक दर टर्नला एक कार्ड जास्त ओढून तो बुजवतो.

2018मध्ये 'विचवुड'सोबत बाकू आणि गेन आले, तेव्हा दादा पहिल्यांदा अटीचं कार्ड स्वतःहून खेळला. बाकूला फक्त विषम मॅनाची कार्डं चालतात, गेनला फक्त सम, आणि दोघं खेळ सुरू होतानाच काम करतात. हातात यायची गरजच नाही! बाकूच्या पॅलाडिनला (हाही एक क्लास) दुसऱ्या टर्नला खेळायला 2 मॅनाचं कार्ड नसतं, पण हीरो पॉवरमधून एकाऐवजी दोन रिक्रूट (1/1 मिनियन) मिळतात. गेनच्या डेकला पहिल्या टर्नला कार्ड नसतं, पण हीरो पॉवर 1 मॅनात होते. खड्डा पाडणाराच तो भरून देतो, आणि तेही शंभरातल्या शंभर सामन्यांत. मला त्यांचा राग यायचा, कारण त्यात वाट बघणं नाही, हिरवी कड नाही, पिवळी कड नाही. त्याच वर्षी मे महिन्यात 'कॉल टू आर्म्स' हे पॅलाडिनचं कार्ड 4वरून 5 मॅनाचं केलं आणि ते गेनच्या डेकमधून आपोआप बाहेर पडलं, पण तेवढ्याने भागलं नाही. एप्रिल 2019मध्ये बाकू आणि गेन दोघांनाही ठरल्या वेळेच्या वर्षभर आधी स्टँडर्डमधून काढून 'हॉल ऑफ फेम' या बाजूला काढलेल्या कार्डांच्या यादीत धाडलं. दादाला मी विचारलं, बाकूच्या डेकमध्ये एखादं 4 मॅनाचं कार्ड का नाही घातलंस? म्हणाला, "मग अट मोडली असती ना!" हे ऐकायला मी दोन वर्षं थांबले होते.

आता एक-दोन गोष्टी ज्या आधी सांगायला हव्या होत्या. तुमचा रेनो नेमका कुठला हे तुम्ही लिहिलेलं नाही. 2023च्या 'शोडाउन इन द बॅडलँड्स'मधला 'रेनो, लोन रेंजर' असेल, तर त्याची अट सामना सुरू होतानाच्या डेकवर आहे. एक जोडी ठेवलीत की तो कायमचा गेला, कितीही कार्डं ओढा. तेव्हा कार्डावरची ओळ शब्दशः वाचा.

आणि उरलेला डेक तपासणाऱ्या कार्डाच्या बाबतीत दादाचं म्हणणं एका ठिकाणी टिकतं, हे मान्य केलं पाहिजे. वीस कार्डं ओढून झाली असतील तर एका जोडीमुळे रेनो अडण्याची शक्यता 11 टक्क्यांवर येते. तुमचा डेक भरपूर कार्डं ओढणारा असेल, सामने लांबत असतील आणि रेनो तुम्हाला अकराव्या-बाराव्या टर्नलाच लागत असेल, तर एक जोडी फार नडणार नाही. समोर झटपट मारणारे डेक असतील तर ही सवलत विसरा. सहाव्या टर्नला तुमचं आयुष्य 9 असेल, आणि तेव्हा वीस कार्डं ओढलेली नसतील.

सुरुवातीला प्रत्येक हरलेल्या सामन्यानंतर एकच गोष्ट टिपून ठेवा: रेनो हातात होता का, आणि असला तर कड कुठल्या रंगाची होती. माझी ती वही अजून आहे. दुसरी कॉइल काढल्यानंतरच्या पानांवर 'हिरवी' हा शब्द कुठेही नाही. दादा, तू हे वाचशीलच. वही कपाटात वरच्या कप्प्यात आहे, बघून घे.