वाचकांचे प्रश्न : क्लिओ लेन यांचं स्कॅट

प्रश्न : मी ख्याल शिकते. ब्रिटिश जॅझ गायिका क्लिओ लेन यांचं स्कॅट, म्हणजे शब्दांविना गाणं, ऐकून हार्मोनियमवर ब्लूज (जॅझमधली एक ठरलेली स्वरचौकट) धरते आणि तसं गाऊन बघते, पण मध्येच सूर साथीशी फटकून जातात. कुठे चुकतं? आणि त्या हे शिकल्या कुणाकडून?
– एक वाचक, इंदूर

उत्तर : तंबोऱ्यावरचा षड्ज शेवटपर्यंत हलत नाही; जॅझमध्ये साथीतली कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारा स्वरांचा गट, सारखी बदलते. साधा ब्लूज १२ बारांचा (बार म्हणजे तालाचा एक विभाग), बारला ४ मात्रा, म्हणजे आवर्तन ४८ मात्रांचं. पहिले चार बार सा-ग-प-कोमल नी. पाचवा-सहावा म-ध-सा-कोमल ग. सातवा-आठवा पुन्हा पहिली कॉर्ड, नववा प-नी-रे-म, दहावा मध्यमाची, शेवटचे दोन षड्जाची. पाचव्या बारात शुद्ध गंधारावर थांबलात, की तो साथीतल्या कोमल गंधाराला घासतो. बहुधा चूक तिथेच आहे.

आधी प्रत्येक बारात त्या कॉर्डचा नुसता पहिला स्वर, सा, म किंवा प, धरा. मग त्या कॉर्डचे चार स्वर, मात्रेला एक. हे न चुकता जमलं की क्रम बदला. उस्ताद अमीर खाँसाहेबांच्या इंदूर घराण्यातलं मेरुखंड इथे फार कामी येतं : चार स्वरांचे २४ क्रम, फक्त बार संपला की स्वरही बदलायचे. टाळी दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर. मध्य लयीत अर्ध्या मात्रा समान गाऊ नका. पहिली लांब, दुसरी आखूड, साधारण दोनास एक. समान गायलात तर स्वर बरोबर असूनही जॅझचा झोका (स्विंग) येत नाही.

क्लिओ लेन (१९२७–२०२५) यांचे वडील जमैकाचे, आई इंग्रज. अमेरिकन जॅझ गायिका एला फिट्झगेराल्ड आणि सारा वॉन यांचं गाणं त्यांनी मन लावून ऐकलं होतं. पण खरी तालीम वाद्यांच्या संगतीत झाली. १९५१ मध्ये त्या सॅक्सोफोन आणि क्लॅरिनेटवादक जॉन डँकवर्थ यांच्या बँडमध्ये आल्या, १९५८ मध्ये दोघांचं लग्न झालं. डँकवर्थ यांच्या वाद्याच्या जोडीने, सुरात सूर मिळवून शब्दांविना गाणं ही लेन यांची खासियत. खर्जापासून बासरीसारख्या वरच्या सुरापर्यंत तीन सप्तकांहून जास्त पल्ला होता, म्हणून वाद्य वर-खाली कुठेही गेलं तरी त्याची साथ सोडावी लागत नसे.

शेक्सपिअरच्या काव्यावरचा त्यांचा १९६४चा जॅझ अल्बम जरूर ऐका, शब्दोच्चारासाठी. कार्नेगी हॉलमधल्या ध्वनिमुद्रणाला १९८६ मध्ये ग्रॅमी मिळालं. त्यातलं एखादंच गाणं निवडा, पहिल्यांदा ऐकताना गळा बंद ठेवून फक्त बास, म्हणजे खर्जातलं तंतुवाद्य, ऐका. कॉर्ड कुठे बदलते ते तोच सांगतो.