राजहंसगडाचा फोटो 50 रुपयांत देऊ नकोस की

भावा, तुझा राजहंसगडाचा धुक्यातला फोटो झकास आलाय, पण 50 रुपयांत कशाला देतोस? लॅबचं बिल, फ्रेम, पेट्रोल, एडिटिंगचे तास सगळं वहीत लिही आणि त्याच्यावर तुझी मजुरी लाव. 12 बाय 18 इंची प्रिंटला 300 डीपीआयनं (म्हणजे इंचाला 300 ठिपके) 3600 बाय 5400 पिक्सेल लागतात, क्रॉप करून फाईल बारकी झाली असली तर आधीच नाही म्हण.

मी पहिल्या वर्षी शिवजयंतीच्या चित्ररथाचे फोटो एका मंडळाला नुसतं 'नाव टाकतो' म्हणाले म्हणून दिले, फ्लेक्सवर नाव आलं कोपऱ्यात, तेबी चुकीचं!

आणि हो, कुणी पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा हक्क 1957 च्या कॉपीराईट कायद्यानं, वेगळं काही ठरलं नसेल तर, त्या गिऱ्हाईकाकडंच जातो, तेव्हा ऑर्डर घेतानाच कागदावर लिहून सही घे. सँपल पाठवताना बारक्या साईझचंच पाठव.