प्रोसेसर कोणता आणि कधी घ्यायचा

कोअर, म्हणजे प्रोसेसरमधले काम करणारे भाग, मोजत बसू नकोस. गेमिंगला ६ ते ८ कोअर पुरतात. फरक पाडते ती कॅशे, म्हणजे प्रोसेसरमधलीच छोटी, वेगवान मेमरी. एएमडीच्या रायझन ७ ७८००एक्स३डी प्रोसेसरमध्ये ९६ एमबी एल३ कॅशे आहे, त्यामुळे रॅमकडे खेपा कमी होतात. पण ४के म्हणजे खूप जास्त रिझोल्युशनवर खेळणार असशील तर दम निघतो ग्राफिक्स कार्डचा, पैसे तिकडे वळव. आत्ताच्या पीसीवर रिझोल्युशन उतरवून बघ: एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम्स) वाढले नाहीत, तर बहुधा प्रोसेसरच अडतोय.

नवी पिढी महिन्याभरात येणार असेल तर थांब, जुनी बहुतेकदा स्वस्त होते. नुसत्या अफवांवर थांबलास तर थांबतच राहशील! आणि सुटे भाग महिन्या-महिन्याने जमवू नकोस. जोडणी होईपर्यंत पहिल्याची वॉरंटी खोक्यातच सरत राहते.