फोन सुटत नाही, माझ्यात विल पॉवरच नाही!

"मॅडम, फोन सुटतच नाही, माझ्यात विल पॉवरच नाही." कॉलेजचा पोरगा असो की रिटायर्ड काका, हे वाक्य आता मीच पूर्ण करते. म्हणून ही एक केस, ओळख बदलून.

एकोणतीस वर्षांची मुलगी, पुण्यात ॲप डिझायनर. रात्री अकराला पाच मिनिटं म्हणून रील्स उघडायच्या, बघता बघता दोन वाजायचे, मग स्वतःलाच शिव्या. आणि दिवसभर हिचं काम काय, तर लोक ॲपवर जास्त वेळ कसे थांबतील ते बघायचं!

पहिल्या तीन भेटी शिव्या कमी करण्यातच गेल्या. मी जुन्या वळणाची, स्किनरवाली (उंदरांवर प्रयोग करून सवयी कशा लागतात ते शोधणारा मानसशास्त्रज्ञ; आजकाल फॅशन नाही त्याची, चालतंय). खटका दाबल्यावर दाणा कधी मिळेल याचा नेम नसला की त्याचे उंदीर दाबतच राहायचे. रील्सचंही तेच, पुढची भारी निघेल म्हणून बोट थांबत नाही, यात उंदराचं चारित्र्य कुठे आलं?

चौथ्या भेटीत सहज विचारलं, घरात कोण वाचतं?

"आजी. पोथी."

"मग ती थांबते कधी?"

"अध्याय संपला की. मोरपीस ठेवते, लाल फडक्यात बांधते, उठते."

आणि गप्पच झाली. मीही गप्प (हे गप्प बसणं शिकायला मला पंधरा वर्षं लागली). मग हळूच म्हणाली, "मॅडम, आमच्या ॲपला अध्यायच नाहीयेत."

पूर्वी पान संपायचं, 'नेक्स्ट' दाबावं लागायचं, तेवढ्यात माणूस भानावर यायचा. 2006 मध्ये अझा रास्किन या डिझायनरनी न संपणारा स्क्रोल बनवला आणि ते भानावर येणंच गेलं, पुढे त्यांनीच जाहीर पश्चात्तापही केला. म्हणून मी सांगते, मनाशी कुस्ती नको, अध्याय परत आणा. ऑटोप्ले बंद, नोटिफिकेशन फक्त माणसांचे, स्क्रीन ब्लॅक अँड व्हाइट. टायमर एका टॅपमध्ये उडवता येतो, त्यापेक्षा चार्जर स्वयंपाकघरात न्या आणि उशाशी साधं गजराचं घड्याळ ठेवा.

ऑफिसात तिने सुचवलं, वीस पोस्टनंतर 'आजचं एवढंच' दाखवू. बॉस म्हणाला एंगेजमेंट पडेल, म्हणजे लोक ॲपवर कमी वेळ थांबतील. शेवटी रात्री दहा ते सकाळी सात नोटिफिकेशन बंद, एवढंच पास झालं, पण मला तेही कमी वाटलं नाही.

परवा तिचा फोटो आला, मिक्सरशेजारी चार्जिंगला फोन, वर आजीचं लाल फडकं. तो मी रात्री पावणेबाराला अंथरुणात बघितला, हे तिला अजून सांगितलेलं नाही.