पाणी कितव्या पायरीला?

प्रिय बाई,

आता तुलाही हेच म्हणायचं! तिसऱ्या बाकावर बसून पेन्सिलीचं टोक चावणारी मुलगी शिक्षणसेविका झाली, याचं कौतुक भेटीत करीन. आज कामाचं लिहिते.

गावातल्या पायऱ्यांच्या विहिरीवर ‘गावातली बारव’ हा प्रकल्प दिलास आणि सातवीच्या अकरा मुलांनी एकच छापील मजकूर आणला, असं कळवलंस. त्यांना रागावू नकोस. एकानं झेरॉक्सच्या दुकानातून प्रिंट काढली असेल, बाकीच्यांनी तिच्या प्रती. आकारिक मूल्यमापनाचा रकाना भरायचा म्हणून आपणही त्यावर सही ठोकतो. मीही कित्येक वर्षं ठोकली. डी.एड.ला अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ किलपॅट्रिकची १९१८ सालची प्रकल्प पद्धत घोकून पाठ केली होती, तरीसुद्धा.

‘गावातली बारव’ हा विषय झाला, प्रश्न नव्हे. विषय दिला की मूल थेट गूगलकडे जातं, आणि तुमच्या बारवेबद्दल तिथं काहीच नसल्यानं भलत्याच बारवेची माहिती घेऊन येतं. नेटवर ज्याचं उत्तर असूच शकत नाही असं काहीतरी विचार. कोणत्या महिन्यात पाणी कितव्या पायरीला असतं? (पायऱ्या म्हणजे आयती मोजपट्टी.) बहात्तरच्या दुष्काळात ते कुठवर उतरलं होतं? प्यायला वापरणं कधी थांबलं, नळ आल्यावर की त्याआधीच? हे सांगणाऱ्या आज्या अजून ओट्यावर बसलेल्या सापडतील, आणि एकीचं दुसरीशी जुळणार नाही. ते वहीत तसंच उतरू दे. घाईनं जुळवून टाकलंस तर प्रकल्पातली सगळी गंमत गेली.

मग नेटवर जा. तिथं एक शब्द हटकून भेटेल : हेमाडपंती. चुन्याशिवाय रचलेलं जुनं दगडी बांधकाम दिसलं की आपल्याकडे ते हेमाडपंतांच्या नावावर चढतं. अंबरनाथच्या शिवमंदिरालाही हे बिरुद लावलेलं मुलांना दिसेल. त्या मंदिरात शके ९८२ चा, म्हणजे इ.स. १०६० चा शिलालेख आहे. हेमाद्री, म्हणजेच हेमाडपंत, तर महादेव आणि रामचंद्र या यादव राजांच्या पदरी, तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातला. वजाबाकी मुलांनाच फळ्यावर करू दे. ‘बाई, जन्माआधी दोनशे वर्षं देऊळ कसं बांधलं?’ हा प्रश्न येईलच. ‘शैलीला नाव नंतर पडलं असेल,’ असं एखादी चुणचुणीत पोरगी म्हणेल. वाद होऊ दे, तू मध्ये पडू नकोस. जिल्ह्याचं गॅझेटिअर आणि मराठी विश्वकोश दोन्ही नेटवर आहेत, तिथं पडताळायला लाव. एकच वाक्य तीन साइटवर शब्दशः मिळालं तर साक्षीदार तीन नव्हेत, एकच, बाकी झेरॉक्स. शोधलं की सगळ्यात वर जे आयतं उत्तर येतं, त्यालाही हाच नियम : कुठून आणलं ते विचारायचं.

आता फोनचं. मी एकदा काहीच तयारी न करता माझा फोन वर्गातल्या टीव्हीला जोडला. विहिरीचा व्हिडिओ संपला आणि पुढचा आपोआप सुरू झाला, तो विहिरीतून प्रेत काढतानाचा. रिमोट सापडेना. पाचवीचा वर्ग होता. एक मुलगी आठवडाभर पाणवठ्यावर गेली नाही. तेव्हापासून ऑटोप्ले बंद, सेफसर्च चालू, व्हॉट्सॲपची नोटिफिकेशनं बंद, आणि लागणारी पानं आदल्या रात्री स्वतः उघडून पाहिलेली. तरी काहीतरी निसटतंच. म्हणून मुलांना एवढंच सांगून ठेव : भलतं दिसलं की फोन पालथा ठेवायचा आणि बाईंना हाक मारायची. हाक मारणाऱ्याला ओरडायचं नाही. एकदा ओरडलीस की पुढच्या वेळी ते तुझ्यापासूनच लपवतील. कुठल्या साइटनं नाव किंवा मोबाइल नंबर मागितला, तर तिथून बाहेर.

आणि तुझं स्वतःचं एक. केंद्रप्रमुखांना पाठवायला तू जिओटॅगवाला फोटो काढशील. त्यावर गाव, तारीख, वेळ, अक्षांश-रेखांश सगळं छापलेलं असतं. तोच फोटो मुलांच्या चेहऱ्यांसकट स्टेटसला लावू नकोस, कितीही गोड आला तरी. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षणाचा २०२३ चा कायदा अठरा वर्षांखालच्या प्रत्येकाला बालक मानतो आणि त्याच्या माहितीसाठी पालकांची संमती मागतो. कायदा बाजूला ठेव. अनोळखी माणसाला आपली मुलं कुठल्या शाळेत, किती वाजता असतात हे आपण कशाला सांगायचं? स्टेटसला बारवेचा फोटो लाव, पायऱ्यांचा.

पावसाळ्यात मात्र मुलांना खाली उतरवू नकोस, शेवाळ फार धरतं. दिवाळीनंतर दोन पालक सोबत घेऊन जा. तळाच्या पायऱ्या गाळात असतील तर तेवढंच लिहा, अंदाजानं आकडा भरू नका. मोजून झाल्या की मला कळव.

तुझ्या बाई